लांबच्या सायकल प्रवासात जांघ का सोलवटते आणि सीट का बोचते

नागपूरहून कामठी, कन्हान आणि मनसरमार्गे रामटेकला जाऊन परत यायचे म्हटले, की साधारण शंभर किलोमीटर सायकल चालवावी लागते. ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने त्याला पाच तास लागतात, आणि मिनिटाला पेडलच्या ८० फेऱ्या होतात असे धरले, तर तेवढ्या वेळात प्रत्येक मांडी सीटच्या कडेजवळून २४,००० वेळा खालीवर होते. पाय भरून आले, पाठ धरली, हे लोक घरी आल्यावर मोकळेपणाने सांगतात. जांघेत झालेली आग, बसायच्या जागी आलेला केसतोड किंवा नाजूक जागेला आलेला बधिरपणा यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. पुरुष मित्रांशी बोलत नाहीत, स्त्रिया तर घरातही बोलत नाहीत, आणि मग हौसेने घेतलेली सायकल दोन-चार महिन्यांत जिन्याखाली धूळ खात पडते. हे दुखणे टाळता येण्यासारखे आहे, आणि ते टाळण्यासाठी महागड्या वस्तूंपेक्षा ते होते कशामुळे हे समजून घेण्याची गरज अधिक आहे, म्हणून हा लेख.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सीट दुखते’ या दोन शब्दांत आपण तीन वेगवेगळी दुखणी कोंबतो. बसण्याच्या हाडांखाली जाणवणारा ठणका वेगळा, मांडीच्या आतल्या बाजूची कातडी सोलवटणे वेगळे आणि जननेंद्रियाच्या आसपास मुंग्या येऊन जागा बधिर होणे वेगळे. तिन्हींची कारणे निराळी असल्यामुळे उपायही निराळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर बऱ्याचदा त्रास वाढतो. बाजारातून मऊ जेलचे कव्हर आणून सीटवर चढवणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. त्याकडे पुढे येऊच.

दाब, घर्षण आणि ओल

कठीण बाकावर बसून दोन्ही तळहात नितंबांखाली सरकवले, तर दोन टोकदार उंचवटे हाताला लागतात. ही बैठकीची हाडे. शरीराचा भार पेलण्यासाठीच त्यांची रचना झालेली आहे, आणि सायकलवरही भार त्यांच्यावरच यायला हवा. तो त्यांच्यावर आला, तरी हाड आणि सीट यांच्या मध्ये सापडलेल्या त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात आणि त्या जागेचा रक्तपुरवठा मंदावतो. काही सेकंद उठून उभे राहिले, की रक्त पुन्हा वाहू लागते. न उठता तासभर तसेच बसून राहिले, की ठणका सुरू होतो. नव्याने सायकल चालवू लागलेल्याला पहिले दोन-तीन आठवडे असा ठणका जाणवणे स्वाभाविक आहे. नियमित चालवत राहिल्यास तो हळूहळू कमी होतो.

घर्षणाचे तसे नाही. ते सवयीने जात नाही. नवी चप्पल चावते तेव्हा जे पावलाला होते तेच इथे जांघेला होते, फरक एवढाच की चप्पल काढून हातात घेता येते. सीटचे पुढचे नाक किंवा रुंद कडा मांडीला घासते, चड्डीची शिवण घासते, कधी त्वचेवर त्वचाच घासते. याशिवाय घर्षणाचा एक डोळ्यांना न दिसणारा प्रकार आहे: त्वचा कापडाला चिकटून एका जागी राहते आणि तिच्या आतले हाड मात्र प्रत्येक पेडलबरोबर हलत राहते, त्यामुळे त्वचेच्या थरांमध्ये आतल्या आत ओढाताण होते. वरून फारसे काही दिसत नाही, पण दोन दिवसांनी आत दुखरी गाठ हाताला लागते.

तिसरे कारण ओल. माझ्या मते नागपूरच्या हवेत तेच सर्वांत मोठे आहे. कोरडी त्वचा कापडावरून सहज सरकते, पण घामाने दमट झालेली त्वचा कापडाला चिकटते आणि घर्षण कितीतरी वाढते. सतत ओली राहिलेल्या त्वचेचा वरचा थर फुगून मऊ पडतो आणि मग थोड्याशा घासण्यानेही सोलून निघतो. अशा सोललेल्या जागेतून आणि केसांच्या मुळांतून त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू आत शिरतात. आधी लालसर चट्टा, मग पूयुक्त पुटकुळी म्हणजेच केसतोड, आणि तरीही सायकल चालवत राहिले तर ठसठसणारे गळू, असा हा क्रम आहे. गळू हे नवख्यांचेच दुखणे आहे असेही नाही. आयर्लंडचा शॉन केली १९८७ मध्ये स्पेनच्या ‘व्हुएल्टा’ शर्यतीत आघाडीवर होता आणि शर्यत संपायला तीनच दिवस उरले होते, तेव्हा बसायच्या जागी झालेल्या अशाच गळवामुळे त्याला माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी त्याने ती शर्यत जिंकली. जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूला जे सहन झाले नाही, ते आपण दात-ओठ खाऊन सहन करण्यात काही शौर्य नाही.

आता दुखणे नेमके कुठे आहे हे पाहिले, की कारण बरेचसे कळते. दोन्ही बैठकीच्या हाडांखाली सारखेच दुखत असेल, तर सराव कमी आहे किंवा सतत बसून राहण्याची सवय आहे. मांड्यांच्या आतल्या बाजूस सोलवटत असेल, तर सीट गरजेपेक्षा रुंद आहे किंवा कपडा चुकीचा आहे. एकाच बाजूला पुन:पुन्हा फोड येत असेल, तर सीट किंचित वळलेली असणे, उंच असणे किंवा दोन पायांच्या लांबीत थोडा फरक असणे यांपैकी काहीतरी आहे. त्यावर मलम लावत बसण्यात अर्थ नाही. समोरच्या मऊ भागात दाब किंवा बधिरपणा असेल, तर भार हाडांवरून सरकून नको तिथे आला आहे.

सीटची रुंदी, उंची आणि कल

मऊ कव्हरचा मोह का टाळावा, हे आता समजावता येईल. जाड, लिबलिबीत जेलवर बसले, की बैठकीची हाडे त्यात रुततात आणि त्यांच्या मधला जेलचा भाग वर उचलला जाऊन शिवणीच्या भागावर, म्हणजे जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या मधल्या मऊ भागावर, दाब देतो. या भागातून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्याच जननेंद्रियाला संवेदना आणि रक्त पुरवतात. शिवाय जाड कव्हर मांड्यांना जास्त घासते, घाम धरून ठेवते आणि प्रत्येक पेडलला थोडे थोडे सरकते. भाजी आणायला अर्धा तास सायकल चालवणाऱ्याला ते सुखाचे वाटेल. पाच तासांसाठी मात्र थोडी कडक, पण आपल्या मापाची सीटच बरी.

माप घरच्या घरी घेता येते. कुरिअरच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कापून तो जिन्याच्या पायरीवर किंवा लाकडी पाटावर ठेवावा. पातळ कपड्यांत त्यावर बसावे, टाचा उचलून गुडघे थोडे वर घ्यावेत, सायकलवर वाकतो तितके पुढे वाकावे आणि मिनिटभर हलू नये. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतात. प्रकाश तिरपा पडेल असा पुठ्ठा धरला, तर ते अधिक स्पष्ट दिसतात. प्रत्येक खळग्याच्या सर्वांत खोल बिंदूवर पेनाने खूण करून दोन खुणांमधले अंतर पट्टीने मोजावे. प्रौढांमध्ये ते सर्वसाधारणपणे १० ते १५ सेंटिमीटर असते आणि स्त्रियांमध्ये सरासरीने थोडे जास्त असते. हँडलवर बऱ्यापैकी वाकून चालवणाऱ्याने या मापात सुमारे दोन सेंटिमीटर मिळवावेत, ताठ बसून चालवणाऱ्याने आणखी थोडे जास्त, म्हणजे सीटची योग्य रुंदी मिळते. शरीराचा आकार किंवा वजन पाहून दुकानदार जी सीट सुचवतो, तिचा या मापाशी काही संबंध असेलच असे नाही. सडपातळ माणसाच्या बैठकीच्या हाडांतले अंतर जास्त असू शकते आणि स्थूल माणसाचे कमी.

मधोमध खाच असलेली सीट बऱ्याच जणांना मानवते, विशेषतः ज्यांना बधिरपणा येतो त्यांना आणि पुढे वाकून चालवणाऱ्या स्त्रियांना, कारण पुढे वाकल्यावर ओटीपोटाचे हाड पुढे कलते आणि समोरच्या मऊ भागावर भार येतो. बधिरपणा हा सरावाने जाणारा त्रास नाही, हे इथे ठासून सांगितले पाहिजे. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या अशा तक्रारींचा अभ्यास झाल्यानंतर, तिथल्या कामगारांच्या आरोग्याशी संबंधित नायॉश या सरकारी संस्थेने २००९ मध्ये कामासाठी रोज सायकल चालवणाऱ्यांना पुढचे नाक नसलेली सीट वापरण्याची शिफारस केली होती. आपल्याला तशी सीट घ्यायलाच हवी असे नाही, पण मुंग्या येऊ लागताच पेडलवर उभे राहावे, आणि दर वेळी त्या येत असतील तर सीटचा कल आणि हँडलचे अंतर तपासावे. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा तासन्‌तास टिकत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

सीटची उंची ठरवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. भिंतीला धरून सायकलवर बसावे, पेडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो. सीट यापेक्षा उंच असेल, तर पाय खाली पोचवण्यासाठी कंबर प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुकते आणि त्वचा सीटवर रगडली जाते. हे चालवणाऱ्याला कळत नाही, पण मागून येणाऱ्या मित्राने अर्धा मिनिट मोबाइलवर चित्रण केले, तर लगेच दिसते. पाच-सात मिलिमीटर सीट खाली घेतल्याने महिनोन्‌महिने न गेलेला चट्टा गेला, असे होऊ शकते. मात्र फार खाली घेऊ नये, कारण मग पाय भार पेलत नाहीत आणि सगळे वजन सीटवर येते, शिवाय गुडघे दुखतात.

कल तपासण्यासाठी सायकल सपाट जमिनीवर उभी करून सीटवर एक पातळ, ताठ वही आडवी ठेवावी आणि तिच्यावर मोबाइलमधले पातळी दाखवणारे साधन लावावे. सुरुवात सपाट पातळीपासून करावी. समोर दाब येत असेल, तर ॲलन कीने नाक एक-दोन अंश खाली करावे, त्याहून जास्त नाही. नाक फार खाली गेले तर माणूस सतत पुढे घसरतो, तळहातांवर भार येतो आणि दर मिनिटाला मागे सरकण्यात त्वचा घासत राहते. बदल करण्याआधी सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीने मूळ उंचीची खूण करून ठेवावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोन-तीन फेऱ्या मारून मगच दुसरीला हात लावावा. सगळे एकदम बदलले, तर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले हे कळायला मार्ग उरत नाही.

रस्त्याचाही यात वाटा आहे. नागपूरचे सिमेंटचे रस्ते दिसायला गुळगुळीत असले, तरी त्यांच्या सांध्यांवरून जाताना ठराविक अंतराने धक्का बसतो, आणि तो थेट बैठकीच्या हाडांपर्यंत पोचतो. चाकांत हवा ठासून भरण्याचा आग्रह सोडावा. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची कमाल मर्यादा छापलेली असते. तेवढी भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. आपल्या वजनाला चालेल इतकी कमी हवा आणि सायकलमध्ये मावेल इतके रुंद टायर यांनी बसायच्या जागेचे बरेच धक्के वाचतात. खड्डा किंवा गतिरोधक दिसला, की पेडल समांतर ठेवून सीटवरून थोडे उठावे.

उठण्याची ही सवय खड्ड्यांपुरती ठेवू नये. दर दहा-पंधरा मिनिटांनी, गरज वाटो वा न वाटो, दहा-वीस पेडल उभ्याने मारावेत. सपाट वर्धा रोडवर चढ येत नाही, त्यामुळे उभे राहण्याचे निमित्तच मिळत नाही आणि माणूस तास-दीड तास एकाच जागी एकाच ढंगात बसून राहतो. म्हणूनच सपाट रस्त्यावरचे शंभर किलोमीटर बसायच्या जागेला डोंगरातल्या तेवढ्याच अंतरापेक्षा जड जाऊ शकतात.

कपडा, मलम आणि घाम

पॅड असलेली सायकलची चड्डी ही या सगळ्यातली एकमेव वस्तू आहे जिच्यावर मी निःशंकपणे पैसे खर्च करायला सांगेन. आणि तिच्याबाबत होणारी सर्वांत नेहमीची चूक म्हणजे तिच्या आत रोजची चड्डी घालणे. पॅडचा उपयोग मऊपणापुरता नसून, घाम त्वचेपासून दूर ओढून घेणे आणि शिवणीविरहित सपाट पृष्ठभाग देणे हे त्याचे खरे काम आहे. मध्ये सुती चड्डी आली, की ती घाम पिऊन ओलीच राहते आणि तिची शिवण नेमकी जांघेच्या घडीत येऊन बसते. पॅडची चड्डी अंगावर थेट घालायची असते. संकोच वाटत असेल, तर तिच्यावरून सैल अर्धी चड्डी, ट्रॅकपँट किंवा कुर्ता खुशाल घालावा. ती अंगाला घट्ट बसली पाहिजे. सैल पॅडला घड्या पडतात आणि प्रत्येक घडी घासते. जाड पॅड म्हणजे चांगले पॅड असेही नाही. जीन्स लांबच्या प्रवासाला कधीही वापरू नये, कारण तिच्या चारही शिवणी बरोबर बसायच्या जागी एकत्र येतात.

मासिक पाळीच्या दिवसांत लांब चालवणाऱ्या स्त्रियांना सॅनिटरी पॅडच्या कडांनी जांघ सोलवटण्याचा त्रास होतो. ज्यांना मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरायला जमते, त्यांचा हा त्रास जवळजवळ संपतो. ज्यांना ते नको असेल, त्यांनी पातळ पॅड वापरून वाटेत बदलावा आणि त्याच्या कडा जिथे टेकतात तिथे त्वचेला मलम लावावे.

मलमाचे काम घर्षण कमी करणे आणि त्वचेवर पाण्याला अडवणारा थर तयार करणे एवढेच आहे. सायकलस्वारांसाठी बनवलेली मलमे चांगली असतात आणि चड्डी धुताना निघूनही जातात. मात्र मेंथॉलची थंडावा देणारी मलमे नाजूक त्वचेला झोंबू शकतात, म्हणून ती आधी छोट्या फेरीत वापरून पाहावीत. पेट्रोलियम जेली बराच वेळ टिकते आणि कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते, पण तिचा थर पॅडमध्ये बसतो, पॅड घाम शोषेनासे होते आणि धुण्याने ती सहज जात नाही. खोबरेल तेल लवकर मुरते, त्यामुळे तास-दीड तासाच्या फेरीपुरते ते ठीक आहे. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते बाटलीत गोठलेले असते, ही वेगळी अडचण. टाल्कम पावडर मात्र टाळावी. घाम येण्याआधी ती छान वाटते, घाम आला की तिचे गोळे होतात आणि तेच घासू लागतात. मलम मांडी आणि नितंब यांच्या घडीत, जांघेत आणि बैठकीच्या हाडांवरच्या त्वचेवर, बोटाच्या पेराएवढे घेऊन निघण्यापूर्वी लावावे, आणि दोन-तीन तासांहून लांब जायचे असेल तर एका छोट्या डबीत सोबत ठेवावे.

केसांविषयी एक महत्त्वाची गोष्ट. स्वच्छतेच्या कल्पनेने बरेच जण त्या भागाचे केस वस्तऱ्याने साफ करतात. त्यामुळे त्वचेवर बारीक ओरखडे पडतात, वाढणारा केस आत वळतो आणि केसतोडाला आयते दार उघडून मिळते. केसांमुळे त्वचा आणि कापड यांच्या मध्ये घर्षण कमी होते आणि घामही थोडा दूर राहतो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या तयारीत ब्रिटनच्या महिला सायकलपटूंना तज्ज्ञांनी याच कारणासाठी वस्तरा आणि वॅक्सिंग बंद करायला सांगितले होते. फार वाढले तर कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड करावेत, तेवढे पुरे.

आता नागपूरच्या हवेविषयी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते की हातावरचा घाम दिसण्याआधीच उडतो. त्यामुळे आपल्याला फारसा घाम आलेला नाही असे वाटते. पण पॅडच्या आत हवाच पोचत नसल्याने तिथला घाम साचत राहतो, आणि कमरेवरचा घाम वाळून त्याचे मीठ कापडावर बारीक खड्यांच्या रूपात उरते. हेल्मेटच्या पट्ट्यांवर दिसणारे पांढरे डाग तेच. हे खडे त्वचेला खरवडतात. नवतपा सुरू होण्याच्या सुमारास लांब जायचेच असेल, तर पहाटे चारला निघून आठ-साडेआठपर्यंत घरी परतावे. उन्हात डोक्यावर पाणी ओतून घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि शरीर थंड ठेवायला त्याचा उपयोगही आहे. पण सायकलवर बसल्या बसल्या ओतलेले पाणी पाठीवरून ओघळत थेट पॅडमध्ये उतरते. उतरून, पुढे वाकून, डोके आणि मान भिजवावी, म्हणजे पाणी जमिनीवर पडते.

पावसाळ्यात अडचण उलटी. तेव्हा बाहेरून ओल येते. मागच्या चाकाला मडगार्ड नसेल, तर रस्त्यावरचे गढूळ पाणी आणि वाळूचे कण चाकावरून उडून बरोबर बसायच्या जागीच येतात आणि ओल्या पॅडमध्ये अडकून बसतात. दोनशे-तीनशे रुपयांचे प्लास्टिकचे मडगार्ड लावल्याने जे वाचते, ते महाग मलमानेही वाचत नाही. त्या दिवसांत चड्डी दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून निदान दोन चड्ड्या असाव्यात; अर्धवट ओली चड्डी घालून निघण्यापेक्षा त्या दिवशी न निघालेले बरे.

वाटेत तर्री-पोहे खायला थांबल्यावर ओल्या चड्डीत प्लास्टिकच्या खुर्चीवर अर्धा तास बसून राहण्यानेही त्वचा मऊ पडते. शक्य तितके उभ्यानेच खावे. सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या पुढे जायचे असेल, तर सोबत दुसरी कोरडी चड्डी ठेवून मध्यावर बदलावी, जागा कोरड्या पंचाने टिपावी आणि नव्याने मलम लावावे. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीसाठी, साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातली दहा मिनिटे यात गेली तरी काही बिघडत नाही. नागपूरचेच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. इतक्या लांबच्या शर्यतीत त्वचेची निगा हे पायांच्या ताकदीइतकेच महत्त्वाचे काम असते.

घरी पोचल्यावर पहिले काम चड्डी काढण्याचे. गप्पा, चहा, छायाचित्रे पाठवणे हे सगळे नंतर. साध्या सौम्य साबणाने अंघोळ करून जांघ पूर्ण कोरडी करावी आणि उरलेला दिवस सैल सुती कपडे घालावेत. चड्डी त्याच दिवशी धुवावी, साबण नीट निघेपर्यंत खंगाळावी, कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये कारण त्याने पॅडची घाम शोषण्याची क्षमता कमी होते, आणि ती उलटी करून पॅड वर येईल अशी वाळत घालावी. एकदा घातलेली चड्डी न धुता पुन्हा घालू नये.

दुखणे झालेच तर

नुसती आग होत असेल आणि कातडी लाल झाली असेल, तर एक-दोन दिवस सायकल बंद ठेवून झिंक ऑक्साइडचे मलम, म्हणजे लहान बाळांना लंगोटाच्या जागी लावतात तसले, लावणे पुरेसे असते. केसतोड आला असेल, तर तो कधीही दाबून फोडू नये. पू बाहेर येण्याऐवजी आत पसरण्याचीच भीती जास्त. सोसेल इतक्या गरम पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे शेकावे आणि तो पूर्ण बसेपर्यंत सीटवर बसू नये. लाली पसरत असेल, ताप आला असेल, दुखरी गाठ मोठी होत असेल किंवा मधुमेह असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत.

एका प्रकाराविषयी अधिक सावध राहायला हवे. जांघेत गोलसर, कडेला लाल उंचवटा असलेला आणि रात्री फार खाजणारा चट्टा आला असेल, तर तो घासण्याचा नसून बुरशीचा, म्हणजे गजकर्णाचा, असण्याची शक्यता असते. लाजेपोटी लोक औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणतात, आणि त्यांतल्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी पसरत राहते, मग ती औषधाला दाद देत नाही, आणि जांघेची त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उठतात. भारतभरचे त्वचारोगतज्ज्ञ गेली काही वर्षे याविषयी बजावत आहेत. गजकर्णाचे औषध सांगितलेले सगळे दिवस घ्यावे लागते, आणि त्या काळात चड्डी, पंचा आणि अंतर्वस्त्रे घरातल्या इतरांच्या कपड्यांपासून वेगळी धुवावी लागतात, नाहीतर घरातल्या माणसांनाही लागण होते.

त्वचा पूर्ण भरून आल्यावर पहिली फेरी फुटाळा किंवा अंबाझरी तलावापर्यंतचीच ठेवावी, अर्ध्या तासाची, आणि परतल्यावर आरसा धरून ती जागा नीट पाहावी. लाली नसेल, तर पुढच्या वेळी थोडे अंतर वाढवावे. त्याच जागी पुन्हा तसाच फोड आला, तर मलम बदलण्याऐवजी सीटची उंची, रुंदी आणि ती सरळ आहे की नाही, हे आधी तपासावे.